नजरेआडचे नेतृत्व

(मिरजोळे येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'दूरस्थ काम आणि नेतृत्व' हा विषय संयोजकांनी मला सांगितला तेव्हा पहिली शंका माझ्याच मनात आली. हा विषय पुण्या-बंगळूरच्या संगणक कंपन्यांत शोभेल. मिरजोळ्यात त्याचे काय प्रयोजन? आपल्या एमआयडीसीतील कारखान्यात कामगाराला यंत्रापाशी उभे राहावेच लागते. आंब्याची राखण घरात बसून होत नाही आणि भाताची लावणी चिखलात उतरल्यावाचून होत नाही. मग ज्यांचे काम हाताने चालते त्यांच्यापुढे घरबसल्या कामाची कथा कशाला सांगायची?

परंतु विचार करता करता ध्यानात आले की, यातील तंत्र तेवढे नवे आहे. काम एका ठिकाणी आणि ज्याच्या शब्दावर ते चालायचे तो माणूस दुसऱ्याच ठिकाणी, ही स्थिती कोकणाला कित्येक पिढ्यांची परिचित आहे. किंबहुना दूरस्थ कारभाराचा इतका दीर्घ अनुभव असलेले प्रदेश फार थोडे असतील. म्हणून आरंभ आपल्याच घरापासून करतो.

मनिऑर्डरचे कोकण

येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या घरातील कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा एखाद्या पेढीवर नोकरीला होते. चाकरमानी शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, जमले तर मे महिन्यात चार दिवस यायचा. उरलेले दहा-अकरा महिने घर कोण चालवीत होते? घरातील माउली चालवीत होती. पेरा कधी करायचा, लावणीला माणसे कोठून आणायची, बैल ठेवायचा की विकायचा, सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, भावकीतील बांधाचे भांडण हे सारे निर्णय तिच्या शिरावर होते. महिन्याकाठी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई. तिच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींचा मजकूर असे. माउलीला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारा मुलगा तो वाचून दाखवी. दोन ओळींचा निरोप आणि महिनाभराचा कारभार!

व्यवहारात आपण मुंबईच्या पुरुषाला घरचा 'कर्ता' म्हणत आलो. परंतु त्या घरातील नेतृत्व खरोखर कोणाचे होते, याचे उत्तर आपण प्रत्येकाने आपल्या आजीला आठवून द्यावे.

या घरांमध्येही दोन प्रकार होते. काही चाकरमानी पैसे पाठवीत आणि लिहीत, 'तुला योग्य वाटेल तसे कर.' काही जण पैसे पाठवीत आणि सोबत पै-पैची सूचना पाठवीत. गावी आले की ओटीवर बसून आधी हिशेब मागत. पहिल्या प्रकारच्या घरात कर्ता आला की आनंद होई, दुसऱ्या प्रकारच्या घरात तपासणी होई. अंतर दोघांनाही तेवढेच होते, मुंबईचा प्रवासही तोच होता. भेद विश्वासाचा होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यानंतर हे चित्र पालटत गेले. पण त्या घरांनी शिकवलेला धडा आपण नीट वाचला नाही. तो वाचायला मला २०२० साल उजाडावे लागले.

एका चुकीची कथा

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. पुण्याच्या एका कंपनीत वीस जणांच्या गटाचे काम तेव्हा माझ्याकडे होते. मी गावी आलेलो होतो. पडवीत टेबल मांडले आणि तेथूनच कारभार सुरू केला. पहिल्याच आठवड्यात मी तीन नियम केले. सकाळी नऊ वाजता सर्वांनी पडद्यावर हजर राहायचे, दिवसातून तीन वेळा कामाचा अहवाल द्यायचा आणि माझ्या संदेशाला दहा मिनिटांत उत्तर द्यायचे. माणसे दिसत नव्हती, म्हणून ती काम करीत आहेत की नाही या चिंतेने मी अस्वस्थ होतो. त्या अस्वस्थतेलाच मी शिस्त असे नाव दिले होते.

आमच्या गटातील एक तरुण आपल्याच जिल्ह्यातील डोंगराकडच्या एका वाडीत अडकला होता. घरात रेंज नव्हती. तो रोज चढ चढून सड्यावर जाई आणि एका झाडाखाली बसून काम करी. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा बांबू रोवून वर प्लास्टिक ताणले. त्याची उत्तरे दहा मिनिटांत येत नसत, कधी तासाने येत, कधी दोन तासांनी. एके दिवशी सर्वांच्या देखत मी त्याला टाकून बोललो. तो काही बोलला नाही.

पुढे पंधरा दिवसांनी त्याच्या एका सहकाऱ्याकडून कळले की, त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांना औषध देण्यासाठी तो दिवसातून तीन वेळा सडा उतरून घरी जात होता आणि पुन्हा चढून वर येत होता. मी त्याला दूरध्वनी केला, क्षमा मागितली. तो शांतपणे म्हणाला, "सर, काम वेळेत झालं का, असं विचारलं असतंत तर माझ्याकडे उत्तर होतं. तुम्ही मी कुठे आहे ते विचारत होतात."

बंधू-भगिनींनो, मी मागे जाऊन नोंदी पाहिल्या. त्या तीन महिन्यांत त्याचे एकही काम एका दिवसानेही चुकलेले नव्हते. ही गोष्ट मला आधी पाहता आली असती. मी पाहिली नाही, कारण मी काम पाहत नव्हतो, हजेरी पाहत होतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. कोणी काय करायचे आणि केव्हापर्यंत करायचे, हे दोघांनी मिळून ठरवून लेखी नोंदवायचे. अहवालांची सक्ती बंद केली. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचे आणि त्या बोलण्यात आधी घरची विचारपूस करायची. विश्वासाचा कोणीच गैरफायदा घेतला नाही, असे मी म्हणणार नाही. एकाने घेतला. पण शांतपणे विचार केला तेव्हा आठवले की, कार्यालयातही तो काम करीत नव्हताच. फक्त खुर्चीत बसलेला दिसत होता. अंतराने त्याला बिघडवले नाही, अंतराने तो उघडा पडला. आणि खरे सांगायचे तर त्याच अंतराने मीही उघडा पडलो होतो.

अभ्यासकांना काय दिसले?

हा एका माणसाचा अनुभव झाला. या विषयाचा पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. शांघाय येथील सीट्रिप या प्रवास-सेवा कंपनीने २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा एक प्रयोग केला. घरून काम करण्यास तयार असलेल्या सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यांवरून दोन गट पाडले. एक गट घरून काम करू लागला, दुसरा कार्यालयातून. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. परंतु प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच त्यांपैकी सुमारे निम्मे कार्यालयात परत आले. एकटेपणा हे त्याचे प्रमुख कारण होते. शिवाय चांगले काम करूनही घरी बसलेल्यांच्या बढत्या तुलनेने कमी झाल्या. जो डोळ्यांसमोर नाही तो आठवत नाही, हा मनुष्यस्वभाव चीनमध्येही तोच!

याच कंपनीने पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्यास नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामात काही उणे आले नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. प्रयोगापूर्वी वरिष्ठांना वाटत होते की काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत बदलले. म्हणजे प्रयोग कर्मचाऱ्यांवर झाला, पण शिकले साहेब!

तिसरा अभ्यास मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा आहे. २०२० च्या पहिल्या सहामाहीतील नोंदी त्यात तपासल्या होत्या. सगळे घरी बसल्यावर जवळच्या गटातील संबंध घट्ट झाले. मात्र एका गटाला दुसऱ्या गटाशी जोडणारे धागे विरळ झाले, असे त्यात दिसले. दुरून काम चालते. मनामनांतील पूल मात्र आपोआप बांधले जात नाहीत. ते कोणाला तरी मुद्दाम बांधावे लागतात. हे बांधकाम ज्याने करायचे, त्यालाच आपण नेता म्हणतो.

ही गोष्ट समजण्यासाठी चीन-अमेरिकेला जाण्याचे खरे तर कारण नाही. आपल्या इतिहासात तिचा फार मोठा दाखला आहे आणि त्याचा आरंभ आपल्याच जिल्ह्यात झाला.

एक राजा जिंजीला, एक बादशहा छावणीत

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. त्या झटापटीत म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले. मार्चमध्ये महाराजांचे बलिदान झाले. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघाले ते शत्रूचा मुलूख ओलांडून तमिळ देशी जिंजीला पोहोचले. पन्हाळ्यापासून जिंजी सरळ रेषेत मोजली तरी सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. निरोप पोहोचायला आठवडे लागत. वाटेत जासूद पकडला गेला तर तो पोहोचतही नसे. पुढली आठ वर्षे स्वराज्याचा राजा जिंजीला होता आणि स्वराज्याचे युद्ध महाराष्ट्रात चालू होते.

हे कसे चालले? राजाराम महाराजांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती सोपविला. त्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब दिला आणि तेथल्या तेथे निर्णय करण्याचा अधिकार दिला. प्रत्येक बाबीत जिंजीची आज्ञा मागवायची असती, तर आज्ञा येईपर्यंत किल्ला गेलेला असता. रामचंद्रपंतांनी आपल्या आंबा घाटापासून जवळच असलेल्या विशाळगडासारख्या दुर्गम गडांच्या आश्रयाने कारभार केला. शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक त्यांच्या जोडीला होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदान गाजवीत होते. १६९५ साली दोड्डेरीला संताजींनी कासिमखानाच्या फौजेची जी अवस्था केली, तिची योजना जिंजीच्या किल्ल्यात बसून कोणी आखून दिलेली नव्हती.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही माणसे १६८९ साली अचानक उगवली नाहीत. रामचंद्रपंत १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते. संताजी आणि धनाजी शिवछत्रपतींच्या फौजेत घडले होते. स्वतः शिवछत्रपती १६६६ साली आग्र्यास गेले आणि कैदेत अडकले, तेव्हाही मातोश्री जिजाबाईंच्या देखरेखीखाली स्वराज्याचा कारभार चालू राहिला होता. राजा नसताना राज्य चालवण्याची सवय या माणसांना आधीच लागलेली होती. अंतर पडल्यावर अधिकार देता येतो. अधिकार पेलणारी माणसे मात्र जवळ असतानाच घडवावी लागतात.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहा. त्याच काळात दूरस्थ कारभार करणारा आणखी एक सत्ताधीश महाराष्ट्रात होता, तो म्हणजे औरंगजेब. १६८१ साली तो दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरला मरण पावला; दिल्लीला परत गेलाच नाही. पंचवीस वर्षे त्याने आपले साम्राज्य छावणीतून चालवले. त्याच्यापाशी पैसा होता, तोफा होत्या, डाकेची व्यवस्था होती, बातमीदारांचे जाळे होते. एक गोष्ट नव्हती. कोणावर विश्वास नव्हता. थोरला शहजादा मुअज्जम याला त्याने १६८७ साली संशयावरून कैदेत टाकले आणि कित्येक वर्षे ठेवले. धाकटा कामबक्ष जिंजीच्या वेढ्यावर होता. मराठ्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून त्याच्याच सेनानींनी त्याला तेथे अटक केली. ज्याने सगळे धागे आपल्या मुठीत धरले त्याची मूठ पंचवीस वर्षांत सैल होत गेली. ज्याने धागे दुसऱ्यांच्या हाती दिले त्याचे राज्य तगले. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावरही महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली युद्ध चालूच राहिले.

या विजयाची दुसरी बाजू

येथेच थांबलो तर इतिहास अर्धा सांगितल्यासारखे होईल. आपण ज्याचा अभिमान बाळगतो त्यातील उणीवही आपणच पाहिली पाहिजे.

संताजी आणि धनाजी दोघेही अतुल पराक्रमी होते, पण त्यांच्यातील बेबनाव वाढत गेला. पुढे छत्रपती आणि संताजी यांच्यातही अंतर पडले. शेवटी मराठ्यांची मराठ्यांशीच लढाई झाली आणि १६९७ साली संताजींसारख्या सेनापतीचा अंत शत्रूच्या रणांगणावर न होता आपसातील वैरातून झाला. या कलहाची कारणे इतिहासकार अनेक सांगतात. मला कार्यकर्ता म्हणून एवढेच दिसते की, दोन कर्त्या पुरुषांची मने फाटत असताना दोघांना समोरासमोर बसवून ती सांधणारे कोणी वेळेवर मधे पडले नाही. आज्ञा जासुदाबरोबर पाठवता येते. मन जासुदाबरोबर पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट वतनांची. सरदारांना बांधून ठेवण्यासाठी त्या काळात इनामे, वतने देणे भाग पडले. शिवछत्रपतींनी वतनदारीला घातलेला आळा सैल झाला. त्या संकटात ते अपरिहार्य असेलही. परंतु पुढे सरदारांची स्वतंत्र सत्तास्थाने उभी राहिली, त्याची एक मुळी येथे आहे. म्हणजे स्वातंत्र्य देताना ते कशासाठी दिले, त्याची मर्यादा कोणती आणि परत उत्तर कोणाला द्यायचे, हे स्पष्ट राहिले नाही तर विश्वासाचेही वतन होते.

आपल्या परंपरेत याचे आदर्श रूप भरताचे आहे. चौदा वर्षे भरताने नंदिग्रामी राहून अयोध्येचा कारभार केला. श्रीराम वनात होते, त्यांची रोजची आज्ञा येत नव्हती. निर्णय भरताचेच होते. पण सिंहासनावर पादुका होत्या. मी हे कोणाच्या वतीने करीत आहे, याचा विसर पडू नये म्हणून त्या होत्या. अधिकार पूर्ण आणि अहंकार शून्य, असे ते नाते होते. रामाने भरतावर पाळत ठेवली नाही आणि भरताने पादुका बाजूला सारल्या नाहीत. दूरस्थ नेतृत्वासाठी दोन्ही बाजू लागतात.

आपले काम आणि आपली परीक्षा

संघकार्याला ही परीक्षा नवी नाही. १९३० साली पूजनीय डॉक्टरजी जंगल सत्याग्रहासाठी निघाले तेव्हा त्यांनी सरसंघचालकपदाचे दायित्व डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविले. संघ तेव्हा अवघ्या पाच वर्षांचा होता. डॉक्टरजी अकोल्याच्या तुरुंगात होते आणि शाखा चालू होत्या. १९७५ साली ३० जूनला बाळासाहेब देवरसांना अटक झाली, ४ जुलैला संघावर बंदी आली. पुढची पावणेदोन वर्षे कोणतेही परिपत्रक काढता येत नव्हते की जाहीर बैठक घेता येत नव्हती. तरी काम चालले, कारण ठिकठिकाणच्या कार्यकर्त्याला काय करायचे हे विचारायला वर जावे लागत नव्हते. मार्च १९७७ मध्ये बंदी उठली. आणि २०२० च्या मार्चमध्ये बंगळूरला होणारी प्रतिनिधी सभा रद्द करावी लागली, एप्रिलच्या २६ तारखेला सरसंघचालक मोहनजी भागवत यांचे उद्बोधन आपण सर्वांनी घरी बसून ऐकले. मैदानावरची शाखा घराच्या खोलीत आली. शिधा पोहोचवायला मात्र स्वयंसेवक रस्त्यावर होते आणि त्यांना कोणी दर तासाला अहवाल मागत नव्हते.

याच रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशी अट होती. जे हाताबाहेर होते त्याचा शोक करीत न बसता जे हाताशी होते ते त्यांनी पराकाष्ठेने केले. अस्पृश्यतेविरुद्ध गावोगाव प्रयत्न केले आणि भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. अंतर आणि बंधन ही निष्क्रियतेची सबब होऊ शकत नाही, याचे स्मारक आपल्या शहरात आहे.

परंतु या उदाहरणांवर समाधान मानून घरी जाऊ नये. आपल्याकडेही वेगळ्या गोष्टी घडतात. एका वाडीत पाण्याची टाकी बांधायची होती. मुंबई मंडळाने वर्गणी जमवली, मुंबईतच बैठक घेतली, जागा ठरवली, आराखडा पाठवला. गावातील वृद्ध सांगत होते की त्या जागेजवळचा झरा चैत्रात आटतो. त्यांचे म्हणणे दूरध्वनीवर दोन वाक्यांत संपवण्यात आले. टाकी बांधली. ती आजही उभी आहे. पाणी मात्र मे महिन्यात डोक्यावरूनच आणावे लागते. मुंबईकरांची तळमळ खोटी नव्हती, पैसाही घामाचा होता. चूक एवढीच झाली की, ज्याने पैसा दिला त्याने निर्णयही स्वतःकडे ठेवला. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्या बैठकीत मीही होतो आणि मान डोलावणाऱ्यांत होतो.

मग करायचे काय?

मोठा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. स्वतः चुकून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, काम सोपवताना स्पष्ट सोपवावे. काय, कशासाठी, केव्हापर्यंत आणि कोणत्या मर्यादेत, हे चार प्रश्न आधी निकालात काढावेत. ते निघाले की रोजची विचारणा आपोआप थांबते. 'जरा बघून घे' ही कामाची सोपवणूक नव्हे. उद्या रागावता यावे म्हणून ठेवलेली ती सोय आहे.

दुसरी गोष्ट, जागेवरच्या माणसाचे ऐकावे. झरा कधी आटतो हे ज्याला माहीत आहे त्याच्या हाती जागेचा निर्णय असावा. दूर बसलेल्याने दिशा द्यावी, साधने पुरवावीत आणि अडचण आली तर पाठीशी उभे राहावे.

तिसरी गोष्ट प्रवासाची. आपल्या प्रचारकांची पद्धत आठवा. प्रचारक महिन्यातून एक-दोन दिवस येतो. शाखा तो चालवीत नाही, ती मुख्यशिक्षक आणि गटनायक चालवतात. मग तो येतो कशासाठी? तो घरी मुक्काम करतो, पानावर जे वाढले जाईल ते जेवतो, आजारी आजोबांपाशी बसतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवतो. या पद्धतीत काम अंतरावरून चालते आणि नाते समक्ष जपले जाते. आज भ्रमणध्वनीवर गट करून पाचशे जणांना एका क्षणात निरोप देता येतो आणि आपला समज होतो की संपर्क झाला. निरोप पोहोचला एवढेच खरे. सड्यावर प्लास्टिकखाली बसलेल्या तरुणाला माझे संदेश दिवसातून दहा वेळा पोहोचत होते.

चौथी गोष्ट माता-भगिनींसमोर आणि तरुणांच्या आई-वडिलांसमोर सांगतो. आज आपल्या कित्येक घरांतील मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत. कधीकाळी बाप मुंबईला होता आणि मुले गावात. आता आई-बाप गावात आणि मुले दूर. रोज पडद्यावर चेहरा दिसतो. तेव्हा 'जेवलास का, कुठे आहेस, किती वाजता आलास' ही माझ्यासारखी हजेरी घ्यायची, की त्याला संस्कारांची शिदोरी दिली आहे यावर भरवसा ठेवून मन मोकळे करू द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे. आणि मुलांनीही लक्षात ठेवावे की, महिन्याला खात्यात पैसे पाठवणे ही मनिऑर्डर झाली. आई-बापांना मनिऑर्डरीपेक्षा गणपतीला दारात उभा राहिलेला मुलगा हवा असतो.

दूरस्थ कामाने नेतृत्वाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही दिसत नसताना तुमच्या मागे काय उरते? भीती उरत असेल तर काम आठवडाभर चालेल. सवय उरत असेल तर वर्षभर चालेल. ध्येय आणि विश्वास मागे उरत असतील, तर राजा जिंजीला असतानाही स्वराज्य उभे राहते. आपापल्या शाखेत, कारखान्यात, शाळेत, पतपेढीत आणि घरात हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. उत्तर पाहण्यासाठी फार काही करायला नको. पंधरा दिवस बाजूला व्हावे आणि परत येऊन पाहावे. काम थांबलेले आढळले तर दोष मागे राहिलेल्यांना देऊ नये.

जाता जाता एक सांगतो. तो तरुण आज स्वतः एका गटाचा प्रमुख आहे. त्याच्या हाताखाली चार गावांतील चार जण आपापल्या घरून काम करतात. मी त्याला मुद्दाम विचारले, 'तू त्यांच्यावर लक्ष कसे ठेवतोस?' तो म्हणाला, "सर, महिन्यातून एकदा मी त्यांच्या घरी जेवायला जातो."

एवढे बोलून आपली रजा घेतो. भारत माता की जय!